रायबोसोम, प्रथिनं आणि विषाणू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. रायबोसोमचा धडा सुरू झाला की दरवर्षी ठरावीक शंका येतात. कोरोनानंतर त्यात पालकांच्या शंकांची भर पडली. तासगावचे द्राक्षबागायतदार विचारतात, आटपाडीचे डाळिंबवाले विचारतात, मिरजेच्या दवाखान्यांत काम करणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थिनी विचारतात. वर्गात घंटा होते आणि उत्तर अर्धवट राहतं. ते इथे पुरं केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण थोडक्यात सांगायला गेलं की ती चुकीची होतात.

"रायबोसोम म्हणजे पेशीतला प्रथिनांचा कारखाना" एवढं लिहिलं तर मार्क मिळतो. मग आणखी काय समजून घ्यायचं?

मार्क मिळतो, हे खरं. पण कारखाना म्हटलं की आपल्याकडच्या मुलांच्या डोळ्यांपुढे साखर कारखाना येतो: ऊस आत, साखर बाहेर, वर्षानुवर्षं एकच माल. रायबोसोम तसा नाही. तो शिंप्यासारखा आहे, माप येईल तसं शिवणारा. आता हिमोग्लोबिनची साखळी विणली, ती संपली की तोच रायबोसोम पुढच्या मिनिटाला एखादं विकर (एन्झाइम) विणायला घेतो. माप म्हणजे संदेशवाहक आरएनए, आपण त्याला एमआरएनए म्हणू. माप कुणी आणलं, ते घरच्याचं की परक्याचं, याची चौकशी रायबोसोम स्वतः फारशी करत नाही. विषाणूंची सगळी गोष्ट या एका वाक्यातून सुरू होते, म्हणून ते वहीत लिहून ठेवा.

रचनेचं सांगायचं तर रायबोसोमचे दोन भाग असतात, एक लहान आणि एक मोठा. माणसाच्या पेशीत ते ४०एस आणि ६०एस, मिळून ८०एस. जिवाणूत ३०एस आणि ५०एस, मिळून ७०एस. बेरीज जमत नाही म्हणून दरवर्षी कुणीतरी हात वर करतं. एस हे वजनाचं माप नाही. वेगाने फिरवल्यावर कण किती लवकर तळाशी जातो, त्याचं ते माप आहे. त्यात आकाराचाही वाटा असतो, म्हणून सरळ बेरीज होत नाही.

माणसाच्या एका रायबोसोममध्ये ४ आरएनए आणि सुमारे ८० प्रथिनं असतात. लहान भाग एमआरएनए वाचतो, मोठा भाग अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले मणी, जोडतो. हे जोडण्याचं काम रायबोसोमची प्रथिनं करत नाहीत, त्याचा आरएनए करतो. मला स्वतःला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तो परिच्छेद तीन वेळा वाचला होता. प्रथिनं तयार करणाऱ्या यंत्राचा गाभाच प्रथिनांचा नाही!

तो वाचतो म्हणजे नेमकं काय करतो?

एमआरएनएवर चार अक्षरं असतात: ए, यू, जी, सी. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द, म्हणजे कोडॉन. असे ६४ शब्द होतात. त्यातले ६१ अमिनो आम्लांसाठी आणि ३ थांबण्यासाठी. शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, स्वल्पविराम नसतो. सुरुवात कुठून केली यावरच पुढचा सगळा अर्थ ठरतो.

आपल्या पेशीत एमआरएनएच्या पुढच्या टोकाला एक रासायनिक टोपी असते. टोपी ओळखणारा घटक (ईआयएफ-४ई हे त्याचं नाव) तिला धरतो, त्याला ईआयएफ-४जी नावाचं मोठं प्रथिन चिकटतं आणि लहान भागाला तिथे आणून बसवतं. मग लहान भाग टोपीपासून पुढे एकेक अक्षर चाचपत सरकतो. एयूजी हा शब्द योग्य शेजारात सापडला की तिथे थांबतो, मोठा भाग वर येऊन बसतो आणि विणकाम सुरू होतं. पुढे रायबोसोमवरच्या ए, पी आणि ई नावाच्या तीन जागांचा फेरा: ए जागेवर नवा टीआरएनए अमिनो आम्ल घेऊन येतो, पी जागेवरची साखळी त्याच्यावर सरकते, रिकामा झालेला टीआरएनए ई जागेवरून बाहेर पडतो. जिवाणूत सेकंदाला १५ ते २० अमिनो आम्लं जोडली जातात, आपल्या पेशीत साधारण ५. हिमोग्लोबिनची बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची असते. ती विणायला अर्धा मिनिट लागतो.

मग रायबोसोम नियंत्रण करतो, की नुसता हुकूम पाळतो?

हा प्रश्न एका मुलीने तास संपल्यावर स्टाफरूमच्या दारात विचारला होता. पाठ्यपुस्तकात नियंत्रण म्हटलं की जनुक चालू-बंद होणं, म्हणजे डीएनएपाशी घडणारं नियंत्रण, एवढंच येतं. ते संथ असतं. एमआरएनए आधीच तयार असेल आणि पेशीला काही मिनिटांत निर्णय फिरवायचा असेल, तर तो रायबोसोमपाशीच फिरवावा लागतो. बहुतेक वेळा ही नाकेबंदी सुरुवातीच्या टप्प्यावर होते. एकदा विणकाम सुरू झालं की मध्येच सोडणं पेशीला महाग पडतं.

सांगलीकरांना पुराचं उदाहरण लगेच कळतं. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. पाणी चढायला लागलं की पेठेत काय होतं? माल माळ्यावर जातो, शटर खाली येतात, व्यवहार थांबतो. पण औषधाचं दुकान उघडं राहतं, बोटी उलट तेव्हाच बाहेर निघतात. पेशीवर ताण आला की असंच होतं. ईआयएफ-२ नावाचा घटक पहिला टीआरएनए रायबोसोमपर्यंत पोचवतो. ताण आला की या घटकाला एक फॉस्फेट चिकटवला जातो आणि तो निकामी होतो. मग जवळपास सगळ्या एमआरएनएंवरचं काम मंदावतं. तरी संकटात लागणारी एटीएफ-४ सारखी काही प्रथिनं नेमकी याच वेळी जास्त तयार होतात. त्यांच्या एमआरएनएवर खऱ्या सुरुवातीच्या आधी छोट्या खोट्या सुरुवाती असतात. एरवी रायबोसोम त्यांत अडकून वाया जातो. ताणाच्या काळात पहिला टीआरएनए मिळायला उशीर होतो, तेवढ्यात रायबोसोम खोटी सुरुवात ओलांडून खऱ्या सुरुवातीपाशी पोचतो.

हा फॉस्फेट चिकटवणारी चार विकरं आपल्याकडे आहेत, प्रत्येक वेगळ्या संकटावर नजर ठेवणारं. अमिनो आम्लांचा तुटवडा एक ओळखतं, घडी चुकलेल्या प्रथिनांचा ढीग दुसरं, विषाणूचा दुपदरी आरएनए तिसरं. चौथं आपल्या वर्गातल्या मुलींसाठी मी मुद्दाम सांगते. लाल पेशी तयार होत असताना लोह कमी पडलं की हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग, कमी पडतं. हीम नसताना नुसता ग्लोबिन साठला तर पेशीला घातक. म्हणून एचआरआय नावाचं विकर रायबोसोमना थांबवतं आणि ग्लोबिन विणणं कमी होतं. रक्तक्षय झालेल्या मुलीच्या लाल पेशी लहान आणि फिकट दिसतात, त्यामागे लोहाचा तुटवडा आहे आणि त्याची दखल घेणारा रायबोसोमपाशीचा हा पहाराही आहे. लोह साठवणाऱ्या फेरिटिनचंही असंच. लोह कमी असलं की त्याच्या एमआरएनएच्या सुरुवातीला एक प्रथिन आडवं बसतं. साठवायलाच काही नाही, तर कोठार कशाला बांधायचं?

मटकीची उसळ खाल्ली की तिचं प्रथिन तसंच्या तसं अंगाला लागतं का?

नाही. पोटात आणि आतड्यात ते अमिनो आम्लांपर्यंत मोडतं. तुमच्या पेशींमधले रायबोसोम त्या अमिनो आम्लांपासून तुमची प्रथिनं नव्याने विणतात. अमिनो आम्लं, विशेषतः ल्युसीन, पुरेशी आली आहेत हे पेशीला एमटॉर नावाच्या विकरामार्फत कळतं आणि टोपी धरणारा ईआयएफ-४ई मोकळा सोडला जातो. म्हणजे जेवण रायबोसोमला कच्चा मालही देतं आणि काम सुरू करण्याची परवानगीही.

विषाणूकडे स्वतःचा रायबोसोम असतो का?

नसतो. आजवर सापडलेल्या एकाही विषाणूकडे रायबोसोम बांधण्याची जनुकं पूर्ण नाहीत. काही महाकाय विषाणू टीआरएनए आणि इतर बरंच साहित्य बाळगतात. २०१८ मध्ये वर्णन केलेल्या तुपानव्हायरसकडे तर या कामाची जवळपास सगळी अवजारं आहेत, तरी रायबोसोम नाही. एरिना कुळातल्या विषाणूंच्या पोटात वाळूचे कण असावेत तसे रायबोसोम दिसतात, त्या कुळाला नावही त्यावरूनच पडलं. पण ते आधीच्या पेशीतून सोबत आलेले असतात, विषाणूने बनवलेले नसतात.

म्हणून सर्दीचा असो, डेंगीचा असो की पपईवरचा, प्रत्येक विषाणूपुढे पेशीत शिरल्यावर एकच पेच असतो: पेशीची हजारो एमआरएनए रांगेत असताना आपली चिठ्ठी रायबोसोमने आधी का घ्यावी?

मग तो रांग कशी मोडतो?

इथे प्रत्येक कुळाची तऱ्हा वेगळी. तीन सांगते.

पोलिओचा विषाणू. त्याच्या आरएनएला टोपी नसते. आपल्या पेशीत टोपी नाही म्हणजे खरं तर प्रवेश नाही. पण या विषाणूच्या आरएनएच्या सुरुवातीला घड्या घालून तयार झालेली एक आकृती असते, रायबोसोमचा लहान भाग थेट मध्येच उतरवून घेणारी. तिला आयआरईएस म्हणतात. हे १९८८ मध्ये पोलिओच्या आणि त्याच्या कुळातल्या आणखी एका विषाणूवर दाखवलं गेलं. त्याआधी आपल्यासारख्या पेशींत रायबोसोम टोकाकडूनच येणार, असंच धरलं जात होतं. शिवाय हा विषाणू आपल्या कात्रीने ईआयएफ-४जी कापतो. त्यामुळे टोपीवाल्या एमआरएनएंची वाट बंद होते आणि उरलेला तुकडा विषाणूच्याच कामी येतो. इन्फ्लूएंझाचा मार्ग निराळा. तो आपल्या एमआरएनएच्या टोप्या टोकासकट कापून पळवतो आणि स्वतःच्या आरएनएला लावतो.

कोरोनाचा विषाणू. त्याच्या एनएसपी-१ या प्रथिनाचं शेपूट रायबोसोमच्या लहान भागात, जिथून एमआरएनए आत शिरतो, त्या वाटेत बुचासारखं बसतं. २०२० मध्ये त्याची चित्रं मिळाली. मग विषाणूचा स्वतःचा आरएनए कसा शिरतो? त्याच्या प्रत्येक एमआरएनएच्या सुरुवातीला एक ठरावीक घडी असते. ती असलेल्या चिठ्ठीला हे बूच अडवत नाही.

आणि लाळ-खुरकूत. त्याचा वेगळा प्रश्न पुढे आहे.

आमच्या खिलार गाईला लाळ-खुरकूत झाला होता. त्याचा आणि या धड्याचा काय संबंध?

आटपाडीकडच्या एका पालकांनी हे विचारलं आणि त्या दिवशी मला फार बरं वाटलं, कारण या विषाणूइतकं रायबोसोमला वाकवणारं उदाहरण शोधून सापडायचं नाही. तोही पोलिओच्याच कुळातला. टोपी नाही, आयआरईएस आहे, आणि ईआयएफ-४जी कापणारी कात्रीही आहे.

त्याचा सगळा आरएनए एकाच लांब प्रथिनात विणला जातो. अख्खा ऊस समजा. मग त्याच्या पेरापेरावर तोड करून कामाच्या टिपऱ्या होतात. गंमत अशी की तोडणारा कोयताही त्याच उसाचा भाग असतो. पण एका जागी कोयता लागतच नाही. २ए नावाच्या एका छोट्या तुकड्यापाशी साखळी येते, ग्लायसीन जोडलं जातं, आणि पुढचं प्रोलीन त्याला जोडायच्या वेळी रायबोसोम तो एक बंध करतच नाही. आधीची साखळी सुटून जाते आणि रायबोसोम एमआरएनए न सोडता प्रोलीनपासून पुढे विणत राहतो. थांबण्याचा शब्द नसताना थांबला, आणि थांबून पुन्हा चालू लागला! एका एमआरएनएवरून दोन प्रथिनं हवी असली की हाच तुकडा आज जगभरच्या प्रयोगशाळा मुद्दाम जोडून घेतात.

गाईपुरतं महत्त्वाचं हे: यावर लस आहे, ती मारलेल्या विषाणूची आहे, आणि आपल्याकडच्या लशीत ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार असतात. जनावरांच्या दवाखान्याने ठरवून दिलेल्या वेळा चुकवू नका.

फ्रेमशिफ्ट हा शब्द बातम्यांत वाचला. साध्या भाषेत सांगाल?

फळ्यावर मी हे असं लिहिते, मोकळी जागा न सोडता:

धावतपाडसकळपसरलेकरू

आता प्रत्येकी तीन अक्षरं घ्या. धावत, पाडस, कळप, सरले. आपण ठरवू की "सरले" हा थांबण्याचा शब्द. म्हणजे वाचन तिथे संपलं, "करू" वाचायचं राहून गेलं.

पुन्हा वाचा. पण या वेळी "पाडस" झाल्यावर एक अक्षर मागे या आणि "स" दुसऱ्यांदा मोजा. धावत, पाडस, सकळ, पसर, लेकरू. थांबण्याचा शब्द कुठे गेला? तो आहे तिथेच आहे, पण या मोजणीत दिसत नाही. अक्षरं तीच, एकही बदललेलं नाही, तरी मजकूर दुसरा निघाला आणि पुढे गेला.

कोरोनाचा विषाणू हेच करतो. त्याच्या सुमारे ३०,००० अक्षरांच्या आरएनएत यूयूयूएएएसी अशी सात अक्षरांची निसरडी जागा आहे. तिथे रायबोसोमवर बसलेले दोन टीआरएनए एक अक्षर मागे सरकले तरी समोरची अक्षरं जवळपास तीच असल्याने त्यांची जोडी टिकते. सरकायला भाग पाडणारी गोष्ट पुढे असते. आरएनएला तिथे एक घट्ट गाठ बसलेली असते. रायबोसोम गाठीपाशी अडतो, ओढ लागते, आणि काही वेळा तो एक अक्षर मागे घसरतो. न घसरलेला रायबोसोम आणखी चार शब्द वाचतो आणि यूएए, म्हणजे थांबण्याचा शब्द, गाठतो. त्याची साखळी सुमारे ४,४०० अमिनो आम्लांची होते. घसरलेल्याला तो शब्द दिसत नाही आणि साखळी सुमारे ७,१०० पर्यंत जाते. विषाणूच्या प्रती काढणारं विकर या लांबलेल्या भागातच येतं.

एक मुलगा म्हणाला, "मॅडम, म्हणजे ही चूक आहे." मी त्याला म्हटलं, चूक असती तर तिचं प्रमाण इतकं बांधलेलं नसतं. एचआयव्हीत साधारण वीसातून एकदा रायबोसोम घसरतो. म्हणून कवचाचं प्रथिन भरपूर आणि विकरं थोडी, असं विषाणूला हवं तेच गुणोत्तर मिळतं. प्रयोगात हे प्रमाण बिघडवलं की विषाणू नीट वाढत नाही. पेशीत जे नियंत्रण डझनभर प्रथिनं मिळून करतात, ते इथे सात अक्षरं आणि एक गाठ करते.

पोलिओचे दोन थेंब आणि रायबोसोम यांचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. तोंडाने देतात त्या सेबिन लशीत विषाणू जिवंत पण दुबळा असतो. तो दुबळा होण्यामागे त्याच्या कवचातले बदल आहेत, आणि तिन्ही प्रकारांत आयआरईएसमधला एकेका अक्षराचा बदलही आहे. प्रकार ३ मध्ये ४७२ व्या जागी सी होता, तिथे यू आहे. त्यामुळे आयआरईएसची घडी सैल होते आणि विशेषतः मज्जापेशींत रायबोसोम नीट उतरत नाही. विषाणू आतड्यात वाढतो, प्रतिकारशक्ती जागी करतो, पण मज्जारज्जूत जोर धरू शकत नाही.

याची दुसरी बाजूही लपवू नये. ते एक अक्षर आतड्यात काही दिवसांत परत मूळ होऊ शकतं. म्हणूनच लसीकरण सगळ्या मुलांचं व्हावं लागतं, अर्धवट राहून चालत नाही. बूथवर उन्हात बसलेल्या आशाताईंनी आणि अंगणवाडीच्या बाईंनी हे काम घरोघरी जाऊन केलं. २७ मार्च २०१४ रोजी भारत ज्या विभागात मोडतो तो पोलिओमुक्त घोषित झाला.

पेशी हे सगळं मुकाट सोसते का?

नाही. विषाणू वाढताना दुपदरी आरएनए तयार होतो, आपल्या पेशीत एरवी तसा लांब आरएनए नसतो. पीकेआर हे विकर तो ओळखतं आणि वर सांगितलेल्या ईआयएफ-२ ला फॉस्फेट लावून पेशीतलं विणकाम बंद पाडतं. विषाणूला मिळू नये म्हणून पेशी स्वतःचंही दुकान बंद करते. इंटरफेरॉन हे धोक्याची वर्दी देणारं प्रथिन आलं की शेजारच्या पेशीही पीकेआरचा साठा वाढवून ठेवतात.

विषाणूही तयारीने येतात. देवीच्या लशीत वापरलेला व्हॅक्सिनिया विषाणू एक प्रथिन दुपदरी आरएनएवर पांघरुणासारखं घालतो आणि दुसरं ईआयएफ-२ सारखंच दिसणारं तयार करतो, म्हणजे पीकेआर खोट्याच्या मागे लागतं.

व्हायरल तापात अँटिबायोटिक का देऊ नये? डाळिंबावरच्या तेल्याला तर तीच फवारतात.

तेल्या हा जिवाणूचा रोग आहे. जिवाणूचा रायबोसोम ७०एस, आपला ८०एस, आणि या फरकावरच बरीच अँटिबायोटिकं उभी आहेत. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीन ३०एसला धरतात, अझिथ्रोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि लिनेझोलिड ५०एसला. विषाणू वापरतो तो रायबोसोम तुमचाच. त्याच्यावर ही औषधं चालत नाहीत, आणि चालली असती तर आधी तुम्हीच आजारी पडला असता.

आपल्या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात मात्र जिवाणूसारखा रायबोसोम आहे. काही अँटिबायोटिकांचे दुष्परिणाम तिथून येतात. काही घरांत मायटोकॉन्ड्रियाच्या रायबोसोममधल्या आरएनएत एका अक्षराचा पिढीजात बदल असतो, आणि त्या लोकांना स्ट्रेप्टोमायसिनच्या गटातल्या इंजेक्शनने कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. आईकडच्या नात्यात कुणाला इंजेक्शननंतर ऐकू येईनासं झालं असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

माझ्या वडिलांना एका पावसाळ्यात साध्या विषाणूजन्य तापासाठी एका दवाखान्यात पाच दिवस अँटिबायोटिक दिलं गेलं. ताप आपल्या वेळेने उतरला, आणि पोट महिनाभर बिघडलेलं राहिलं. मी तेव्हा कॉलेजात होते, विचारायचं धाडस झालं नाही. आता वर्गात सांगते की विचारा, डॉक्टरांचा मान राखून विचारा: "हा जिवाणू आहे की विषाणू?"

पपईवर रिंगस्पॉट येतो, उसावर मोझॅक. फवारणीने विषाणू का मरत नाही?

दोन्ही पॉटी कुळातले. सुमारे १०,००० अक्षरांचा आरएनए आणि तोच अख्ख्या उसासारखा एक लांब प्रथिनाचा प्रकार. झाडाच्या पेशीत शिरल्यावर ते झाडाचाच रायबोसोम वापरतात, मग फवारणीने मारायचं कुणाला? मावा आटोक्यात ठेवणं, रोगट झाड लवकर उपटणं, लागणीला निरोगी बेणं आणि रोपं वापरणं, एवढंच हातात राहतं.

पण पैदासकारांना इथे एक वाट सापडली आहे. या विषाणूंच्या आरएनएच्या टोकाला टोपीऐवजी व्हीपीजी नावाचं प्रथिन चिकटलेलं असतं, आणि ते झाडाच्या टोपी धरणाऱ्या ईआयएफ-४ई ला जाऊन मिळतं. मिरची, लेट्यूस, वाटाणा यांच्या काही वाणांत ईआयएफ-४ई किंचित वेगळा असतो. झाडाचं काम त्याने अडत नाही, विषाणूला मात्र तो धरता येत नाही. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून जपलेल्या काही प्रतिकारक मिरच्यांमागचं कारण शेवटी इथे निघालं. मिरचीवरचा चुरडामुरडा मात्र यात धरू नका, त्यामागचा विषाणू वेगळ्या कुळातला आणि डीएनएचा असतो.

कोविडच्या लशीत माझ्या रायबोसोमने काम केलं का?

कोव्हिशील्ड घेतली असेल तर हो. चिंपांझीच्या निरुपद्रवी केलेल्या ॲडिनोव्हायरसमधून डीएनए आला, पेशीने त्याचा एमआरएनए केला आणि तुमच्या रायबोसोमनी स्पाइक, म्हणजे कोरोनाच्या पृष्ठभागावरच्या काट्याचं, प्रथिन विणलं. कोव्हॅक्सीनमध्ये मारलेला अख्खा विषाणू होता, तिथे प्रथिन तयारच आलं. एमआरएनए लशीत थेट चिठ्ठीच दिली जाते. पुण्यात तयार झालेल्या जेम्कोव्हॅकला २०२२ मध्ये परवानगी मिळाली, तिचा एमआरएनए पेशीत स्वतःच्या प्रती काढतो.

बाहेरून आलेला एमआरएनए पेशी शत्रू समजते, ही मोठी अडचण होती. कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी यू या अक्षराचं रूप थोडं बदलून ती सोडवली आणि २०२३ चं नोबेल मिळवलं. त्याच वर्षअखेर असंही दिसलं की अशा बदललेल्या अक्षरांवर रायबोसोम कधीमधी एक अक्षर पुढे घसरतो. त्यातून अपाय झाल्याचं दिसलं नाही, आणि अक्षरांची निवड बदलून ते टाळता येतं हेही त्याच अभ्यासात दाखवलं.

एरंडाच्या बिया विषारी का?

त्यातलं रायसिन रायबोसोमच्या मोठ्या भागातल्या आरएनएतून फक्त एक ॲडेनीन, म्हणजे एकच ए हे अक्षर, काढून टाकतं. तेवढ्याने तो रायबोसोम कायमचा बंद पडतो आणि रायसिनचा रेणू पुढच्याकडे वळतो. बांधावरच्या एरंडाच्या बिया पोरांच्या तोंडात जाऊ देऊ नका. नीट काढलेल्या एरंडेल तेलात रायसिन उतरत नाही.

यात आपल्याकडच्या कुणाचं काम आहे?

हरगोबिंद खोराना यांनी कोडॉनचा अर्थ लावायला मदत केली, १९६८ चं नोबेल. वेंकटरामन रामकृष्णन यांचा जन्म चिदंबरमचा, पदवी बडोद्याची आणि तीही भौतिकशास्त्रात. त्यांनी ३०एस भागाची अणूअणूपर्यंतची रचना उलगडली. ५०एसवर थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांनी काम केलं, तिघांना २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. योनाथ यांनी १९८० च्या सुमारास रायबोसोमचे स्फटिक करायला घेतले तेव्हा हे होणारच नाही असं बहुतेकांना वाटत होतं. पूर्ण रचना हाती यायला २००० साल उजाडलं.

कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकात रायबोसोम दिसेल का?

एकेक सुटा दिसणार नाही. तो २५-३० नॅनोमीटरचा, आणि आपल्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा २०० नॅनोमीटरच्या आसपास. जॉर्ज पलादे यांना १९५५ मध्ये ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातच दिसले होते.

पण त्यांची खूण बघता येते, आणि त्यासाठी मी मुलांना दरवर्षी मिरजेच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नेते. लाल पेशी पक्व झाली की तिच्यात केंद्रक नसतं, रायबोसोमही नसतात. अस्थिमज्जेतून नुकतीच बाहेर पडलेली पेशी मात्र एखादा दिवस जुने रायबोसोम बाळगून असते. ताजं रक्त आणि न्यू मिथिलीन ब्लू हा रंग नळीत मिसळायचा, थोडा वेळ ऊबेत ठेवायचा, काचेवर पसरायचा. बहुतेक पेशी फिकट, रिकाम्या दिसतात. मधेच एखादीत निळ्या ठिपक्यांची आणि धाग्यांची जाळी उमटते. तो उरलेल्या रायबोसोमचा आरएनए. अशा पेशी मोजण्याला लॅबमधली माणसं रेटिक काउंट म्हणतात. लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर आठवड्याभरात हा आकडा चढतो.

गेल्या खेपेला एक मुलगी भिंगावरून डोळा हलवेना. मागे रांग लागली होती. तिला स्वतःलाच दोन आठवड्यांपूर्वी लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या आणि काचेवरचं रक्त तिचंच होतं. "मॅडम, इथे आणखी एक आहे," म्हणत ती मोजत राहिली.